गाडीचा सेल्फ कधी लागतो, कधी नुसता 'टक्' करतो. दुरुस्ती होईपर्यंत कसं निभवायचं?

तुमची गाडी जुनी, पेट्रोलची, साध्या गिअरची. किल्ली फिरवली की कधी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, लागतो, कधी एकदाच 'टक्' होऊन गप्प. रविवारी घरच्यांना घेऊन सोलापूरहून तुळजापूरला जायचंय आणि मेकॅनिक सोमवारशिवाय हात लावत नाही. निभेल की. पण आधी दोष सेल्फचाच आहे का ते बघा. माझं कामच ऑटो इलेक्ट्रिकचं आहे, आणि 'सेल्फ गेला' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्या नुसतं टर्मिनल घासून परत जातात.

"हेडलाइट झगझगीत लागतोय, म्हणजे बॅटरी ओके," हे गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य. दोन हॅलोजन बल्ब मिळून दहाएक अँपिअर घेतात, सेल्फला छोट्या गाडीतही शंभराच्या वर लागतात. त्यामुळे नुसता लाइट बघून काही कळत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा, हेडलाइट चालू ठेवा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. उजेड एकदम मरगळला तर बहुतेक वेळा बॅटरी किंवा तिची जोडणी. 'टकटकटकटक' अशी माळ लागली तरी तेच. उजेड जसाच्या तसा आणि एकच 'टक्', तर सेल्फच्या आतलं दुखणं. उजेड तसाच आणि टक्सुद्धा नाही, तर रिले, फ्यूज, किल्लीचा स्विच नाहीतर सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) जाणारी बारीक वायर. मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत घासा. बसवताना पॉझिटिव्ह आधी. हाताने फिरवून टर्मिनल जरासुद्धा हललं तर अजून ढिलं आहे. मग इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या एखाद्या उघड्या, बिनरंगाच्या बोल्टला लावून सेल्फ मारा. लगेच लागला तर सेल्फ निर्दोष आहे, अर्थिंगची पट्टी कुजलीय. ती बदलायला फारसा वेळ लागत नाही.

आता दोष सेल्फचाच निघाला असं धरू. आतले कार्बन (ब्रश) झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागाच्या तांब्याच्या कड्यावर, नीट दाबू शकत नाही. वर आपल्याकडची धूळ आणि कार्बनची काळी भुकटी मिळून ते खोबणीत अडकतात. म्हणून ठोकायची युक्ती चालते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली स्टार्टला धरायची, दुसऱ्याने व्हील पान्याच्या टोकाने सेल्फच्या जाड, गोल अंगावर टकटक करायची. वर बसलेलं लहान नळकांडं म्हणजे सोलेनॉइड, त्याच्यावर नाही आणि वायरींच्या नटांवर तर अजिबात नाही. दणके घालू नका, काही सेल्फमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात, ते तडकतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका. हात पंख्यापासून लांब ठेवा, इंजिन गरम असेल तर तो आपोआप फिरतो. काही गाड्यांत सेल्फ इतका खाली-मागे असतो की वरून पाना पोचतच नाही, तिथे जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसण्याचा शहाणपणा करू नका. आणि ही युक्ती पुढच्या वेळी लागेलच याची खात्री नाही.

खात्रीचा मार्ग धक्क्याचा. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडी माणूस धावेल इतक्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन धरल्याबरोबर परत दाबायचा. बॅटरीत थोडा जीव हवाच, कारण इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) तिच्यावर चालतात. इंजिन लागेपर्यंत स्टिअरिंग जड असतं आणि ब्रेकला जोर लागतो, हे चालवणाऱ्याला आधी सांगा. सारखा धक्का मारला तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. ऑटोमॅटिक किंवा एएमटी गाडीला हा उपाय नाही. पुढच्या गाडीला दोरी बांधून ओढणंही नको, इंजिन लागलं की गाडी उसळून पुढच्याच्या डिकीत जाते.

पण खरं सांगू का, ठोकण्याला आणि धक्क्याला मी दुय्यम मानतो. या दोन-चार दिवसांत गाडी कुठे बंद करायची, एवढं ठरवलंत तरी निभलं. सोलापूर सपाट, उतार शोधावा लागतो. घरासमोर गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा, पुढे चाळीस-पन्नास फूट मोकळं ठेवून. पेट्रोल आदल्या दिवशी भरा, पंपावर इंजिन बंद करावंच लागतं आणि मागे रांग असते. तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, वाटेत चहाला थांबलात तरी ठीक, फक्त गर्दीत खेटून लावू नका. तिथे पार्किंगवाला दोन गाड्यांच्या मधे घालायला सांगेल, ऐकू नका, थोडं लांब लावून चाला.

परत निघताना जास्त सांभाळा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनाच्या उष्णतेने सेल्फ साठ अंश जास्त तापला तर जवळजवळ पाव पट रोध वाढला, म्हणजे करंट घटला आणि सोलेनॉइडची ओढ कमी. त्यात आपला एप्रिल-मे. म्हणून सकाळी शहाण्यासारखा लागणारा सेल्फ दुपारी गाडी जरा थांबली की रुसतो. बॉनेट उघडून अर्धा तास थांबा. वर पाणी ओतू नका.

स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन नट जोडून सेल्फ फिरवणारे तुम्ही पाहिले असतील. आमच्या लाइनीतले लोक करतात, तुम्ही करू नका. ठिणगी पेट्रोलच्या वासाशेजारी पडते, आणि गिअर चुकून राहिला असेल तर गाडी अंगावर येते.

सोमवारी अख्खा नवा सेल्फ लगेच घेऊ नका. जुना समोर उघडायला लावा. कार्बन, बुश किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट गेले असतील तर तेवढेच बदलतात. आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळकं, काळं पडलं असेल किंवा बेंडिक्सचे (इंजिनाला धरणाऱ्या छोट्या गिअरचे) दात तुटले असतील तर हिशोब वेगळा, मग चांगल्या कंपनीचा नवा परवडतो. 'कर्रर्र' असा घासल्याचा आवाज येत असेल तर मात्र रविवारी गाडी काढूच नका, फ्लायव्हीलचा रिंग गिअर, म्हणजे सेल्फ ज्याला फिरवतो ते इंजिनाचं दातेरी कडं, खाल्ला गेला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काम झालं की इंजिन चांगलं तापवून, दहा मिनिटं बंद ठेवून मग सेल्फ मारून बघा आणि त्यानंतरच पैसे द्या.