हार्ट फेल्युअरच्या छोट्या ट्रायलमध्ये प्रायमरी आउटकम काय ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एम.डी.चा थीसिस, हार्ट फेल्युअरचं औषध, शंभरेक पेशंट, सहा महिने. प्रायमरी आउटकम, म्हणजे औषध चाललं की नाही हे ज्या एका मोजमापावर ठरवायचं ते, काय ठेवावं? गाईड म्हणतात इकोवरचा ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) मोजा, बॅचमेट म्हणतो मृत्यू आणि अॅडमिशन एकत्र मोजा. मी पुण्यातच ट्रायल्सच्या संख्याशास्त्राचं काम करतो. माझ्या मते तुमच्या ट्रायलला प्रायमरी म्हणून यातलं काहीच नको.

ईएफ सेकंडरीत, म्हणजे जोडीच्या दुय्यम मोजमापांत, जरूर ठेवा. पण ईएफ सुधारला म्हणजे पेशंटचं भलं झालं, हे गृहीत धरू नका. हार्ट अटॅकनंतर ज्यांचे जादा ठोके पडतात त्यांच्यात मृत्यू जास्त, म्हणून ठोके दाबले की माणसं वाचतील, असं एकेकाळी बहुतेक डॉक्टरांना पटलेलं होतं. कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके खरोखर दाबले. १९९१ च्या अहवालात मृत्यू मात्र औषधाच्या ७५५ जणांत ६३ आणि प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीच्या) ७४३ जणांत २६. नुसता ईसीजी मोजला असता तर हीच औषधं यशस्वी ठरली असती! त्याच वर्षी हार्ट फेल्युअरमध्ये मिलरिनोन या औषधानं हेच दाखवलं: हृदयाचं पंपिंग सुधारलं, मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले.

मृत्यू-अॅडमिशन एकत्र धरणं मोठ्या ट्रायल्सना शोभतं. शंभर जणांत सहा महिन्यांत घटनाच इतक्या कमी होतील की निष्कर्ष निघणार नाही. शिवाय आपल्याकडे अॅडमिशन म्हणजे नक्की काय? भोर-वेल्ह्याचा पेशंट दम लागला की जवळच्या हॉस्पिटलात जातो आणि त्याचं डिस्चार्ज कार्ड तुमच्यापर्यंत येत नाही. कुणी पैशाअभावी घरीच सोसतो. कुणाला कॅज्युअल्टीत लॅसिक्सचं (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं) इंजेक्शन देऊन परत पाठवतात. तरीही सेकंडरीत घेणार असाल तर व्याख्या आधी लिहा आणि मृत्यू कुठल्याही कारणाचा धरा. घरीच वारलेला माणूस हृदयाच्या आजारानंच गेला का, हे खात्रीनं कोण सांगणार?

मग उरतं ते पेशंटला स्वतःला जाणवणारं. ओपीडीत माणसं ईएफ विचारत नाहीत, ‘यंदा वारीला चालता येईल का’ हे विचारतात. म्हणून केसीसीक्यू ही हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा त्रास आणि रोजचं जगणं विचारणारी प्रश्नावली प्रायमरी घ्या. स्कोअर ० ते १००, जास्त म्हणजे बरं; साधारण ५ गुणांचा फरक पेशंटला जाणवतो असं मानतात. वापरायला परवानगी लागते, ती आधी मागा. जोडीला सहा मिनिटांची वॉक टेस्ट. मात्र असं मोजमाप आशेनंही सुधारतं, त्यामुळे प्लासिबो हवाच, आणि प्रश्न विचारणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे कळता कामा नये. फॉलोअपच्या तारखा पालखी आणि सुगी टाळून लावा.

एक गोष्ट थीसिसमध्ये हमखास सुटते. मेलेल्या पेशंटचा स्कोअर नसतो. त्यांना हिशेबातून वगळलं, तर जीव घेणारं औषधही चांगलं दिसेल, कारण मागे उरतात ते धडधाकट. मृत्यूला सर्वांत खालची रँक द्यायची, की दुसरं काही, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायल्सच्या ऑनलाइन नोंदवहीत) प्रायमरी आउटकम आणि तो कितव्या आठवड्याला मोजणार हे नोंदवा. गाईडना कास्टचे आकडे दाखवा, ते ऐकतील असं मला वाटतं.