डेथलॉकचे जुने अंक

प्रश्न : किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर डेथलॉकचे (मार्व्हल कॉमिक्समधला अर्धा माणूस, अर्धा यंत्र असा नायक) सुटे अंक मिळाले. पूर्ण कथा कशी जुळवावी? पावसाळ्यात कागद कसा टिकवावा? – वाचक, माटुंगा

उत्तर : ल्यूथर मॅनिंगची, म्हणजे मूळ डेथलॉकची, कथा ‘अ‍ॅस्टॉनिशिंग टेल्स’ या कॉमिकच्या अंक २५मध्ये (ऑगस्ट १९७४) सुरू होऊन ३६पर्यंत चालते. २९ मात्र घेऊ नका, त्यात डेथलॉक नाहीच! पुढचा धागा ‘मार्व्हल स्पॉटलाइट’ ३३मध्ये. घेताना पत्रांचे पान जरूर उघडा. तिथला ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ (कापून जमवण्यासाठी छापलेले छोटे चित्र) अनेकांनी कापलेला असतो, आणि मागच्या बाजूचा मजकूर त्यासोबत जातो.

मुंबईच्या दमट हवेत पिना गंजून कागद खातात. अंक कोरड्या दिवशीच पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, आम्लरहित पुठ्ठ्यासह उभे ठेवा; डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल. फाटलेल्या पानाला सेलोटेप कदापि नको, डाग कायमचा राहतो.