वाचकांचे प्रश्न : दिव्याहून सुटणारी लोकल कोणाच्या वाट्याची?

प्रश्न : मी दिवा पूर्वेला राहते आणि रोज सकाळी मशीद बंदरला कामाला जाते. कर्जत, कसारा, बदलापूरहून येणाऱ्या गाड्या दिव्यात शिरतात तेव्हा दारात पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणून आम्ही काही जणी आधी उलट दिशेने डोंबिवलीला जातो आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून परत येतो. यात रोजचा अर्धा तास जातो. दिव्याहून थेट सीएसएमटी लोकल सुरू करण्याची मागणी इतकी वर्षे मान्य का होत नाही?
– एक वाचक, दिवा

प्रश्न : दिव्याला स्वतंत्र लोकल दिली, तर तिच्यासाठी आमच्या डोंबिवलीची एखादी गाडी काढून घेतली जाईल, अशी भीती वाटते. हे डोंबिवलीकरांवर अन्याय करणारे नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ही दोन्ही पत्रे एकाच आठवड्यात आली आणि ती एकाच प्रश्नाच्या दोन बाजू सांगतात, म्हणून उत्तरही एकत्र देत आहे.

दिव्याहून सीएसएमटीला जाण्यासाठी आजही गाडी बदलावी लागत नाही. धीम्या गाड्या तर थांबतातच, शिवाय डिसेंबर 2016 पासून जलद गाड्याही थांबू लागल्या. 2 जानेवारी 2015 रोजी विस्कळीत वाहतुकीमुळे दिव्यात प्रवाशांचा जो उद्रेक झाला, त्यानंतर या थांब्याच्या मागणीला जोर आला होता. तेव्हा खरी मागणी आहे ती दिव्यात रिकामी उभी राहणाऱ्या गाडीची. मागून भरून आलेल्या गाडीला थांबा देऊन ती पुरी होत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. दिव्याच्या फलाटावरून रोज त्याच वळणाकडे निघणाऱ्या माणसाने आत उभे राहण्यापुरती जागा मागितली, तर त्याला कोणी हट्ट म्हणू नये.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. सकाळच्या गर्दीत धीम्या मार्गावर एका गाडीमागे दुसरी गाडी तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावत असते. या रांगेत नवी गाडी घुसवायची, तर तिला सीएसएमटीपर्यंत मोकळी वाट आणि तिथे मोकळा फलाट मिळाला पाहिजे. त्याहून मोठी अडचण खुद्द दिव्यात आहे. मुंबईहून आलेली गाडी इथूनच परत फिरवायची, तर ती फलाटावर काही मिनिटे उभी राहणार, मोटरमन आणि गार्ड आपापली टोके बदलणार आणि मग गाडी रूळ ओलांडून अप, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या, मार्गावर येणार. धीम्या मार्गाच्या फलाटावरच हे सारे केले, तर मागची कल्याणची गाडी बाहेर सिग्नलला अडकून पडेल. म्हणून गाडी फिरवण्यासाठी वेगळा फलाट किंवा वेगळी मार्गिका हवी. दिव्याचे रेल्वे फाटक गाड्यांच्या वक्तशीरपणाच्या आड वर्षानुवर्षे येत आले आहे, हेही या हिशेबात धरावे लागते.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली, मग गाड्या का वाढल्या नाहीत, असे अनेक जण विचारतात. त्या मार्गिकांमुळे लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या झाल्या, परंतु त्या कुर्ल्यापर्यंतच. कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंतच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे काम रखडल्यामुळे पुढे मेल-एक्स्प्रेस आणि जलद लोकल पुन्हा त्याच रुळांवर येतात. नळाचे पुढचे तोंड अरुंद असताना मागचा पाइप रुंद केल्यासारखे हे झाले आहे.

डोंबिवलीच्या वाचकांची भीती निराधार नाही. रुळांवरच्या वाटा तेवढ्याच ठेवून दिव्याला गाडी द्यायची, तर ती कोणाची तरी घ्यावी लागेल. तशी अदलाबदल मलाही मान्य नाही. पण पहिले पत्र पुन्हा वाचावे, अशी त्यांना विनंती आहे. दिव्याचे प्रवासी उलटे येऊन डोंबिवलीच्या गाडीत आधीच बसलेले असतात आणि त्यामुळे ती गाडी फलाटाला लागते तेव्हाच अर्धी भरलेली दिसते. डोंबिवलीपर्यंतचा पास काढून असे बसून येण्यात काही गैर नाही. दिव्याला स्वतःची गाडी मिळाली, तर डोंबिवलीच्या गाडीतल्या त्या जागा डोंबिवलीकरांना परत मिळतील. म्हणजे या प्रश्नात डोंबिवली आणि दिवा यांचे हित एकमेकांविरुद्ध नाही.

माझ्या मते मार्ग ठाण्यातून निघतो. सीएसएमटीहून येणाऱ्या कित्येक धीम्या लोकल ठाण्यालाच संपतात आणि तिथूनच परत जातात. त्यांतल्या सकाळच्या दोन-तीन गाड्या दिव्यापर्यंत वाढवल्या, तर ठाणे ते सीएसएमटी या सर्वांत दाट टप्प्यात नवी वाट शोधावी लागत नाही. ती फक्त ठाणे ते दिवा एवढ्या टप्प्यात शोधावी लागते. यात ठाण्याच्या प्रवाशांना तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही : त्यांना आज रिकामी मिळणारी गाडी तेव्हा दिवा, मुंब्रा, कळव्याचे प्रवासी घेऊन येईल. तरीही ठाण्याहून सुटणाऱ्या बाकीच्या गाड्या त्यांच्या हाताशी राहतात. दिव्याकडे आज एकही नाही. याच्या जोडीला बारा डब्यांच्या गाड्या पंधरा डब्यांच्या केल्या, तर वाट तीच राहून जागा पावपट वाढते, मात्र त्यासाठी सर्व थांब्यांचे फलाट लांब हवेत.

दिव्यातले सगळेच प्रवासी दक्षिण मुंबईला जात नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ऐरोली, घणसोलीला कामाला जाणारे लोक ठाण्यात उतरून गाडी बदलतात. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग पूर्ण झाला, तर ती चढउतार वाचेल आणि ठाण्याच्या पुलांवरची रेटारेटीही हलकी होईल. कोकणातून येणाऱ्यांचे हाल तर वेगळेच आहेत. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत यायची, ती टाळेबंदीनंतर दिव्यालाच थांबू लागली. आंब्याच्या पेट्या, पोती आणि म्हातारी माणसे घेऊन भरलेल्या लोकलमध्ये शिरणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. अशा प्रवाशांसाठीही दिव्यातच सुटणारी लोकल हवी.

दिव्याच्या वाचक भगिनींना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या निवेदनात केवळ ‘दिवा-सीएसएमटी लोकल द्या’ असे न लिहिता, ठाण्याला संपणाऱ्या कोणत्या गाड्या, कोणत्या वेळेच्या, दिव्यापर्यंत वाढवाव्यात हे वेळापत्रक समोर ठेवून लिहावे आणि गाडी फिरवण्याच्या फलाटाचे काम कधी हाती घेणार, याचे लेखी उत्तर मागावे. त्या निवेदनावर डोंबिवलीच्या प्रवाशांच्याही सह्या घ्याव्यात.