त्याने घोडीला काय सांगितलं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं बारा पानी टिपण मंगळवारी मिळालं. मी ते दोनदा वाचलं. कष्ट दिसतात, आणि रशियन लेखक आंतोन चेखवच्या 'दुःख' या कथेची निवड मला मनापासून आवडली. तरी वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, म्हणून हे पत्र.

कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन, भाषाशैली, शीर्षक असे सात मथळे तू केलेस आणि प्रत्येकाखाली पान-दीड पान लिहिलंस. त्यात चूक म्हणावी असं जवळजवळ काही नाही. पण बारा पानं वाचूनही इओना, घोडागाडी हाकणारा तो म्हातारा गाडीवान, मला भेटला नाही. कथा मात्र जेमतेम पाच-सहा पानांची, आणि त्यात तो पहिल्या परिच्छेदातच भेटतो. हे कशामुळे झालं, ते तुला सांगायचं आहे.

हे मथळे मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले आहेत. परीक्षेत तसंच विचारतात, तेव्हा ते यायलाच हवेत. पण कथेत हे घटक वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. एकाला हात लावला की दुसरा हलतो. तो कुठे हलला हे दाखवणं म्हणजे विश्लेषण. वातावरणाच्या मथळ्याखाली तू लिहिलंस, 'पीटर्सबर्गमधली हिवाळ्याची संध्याकाळ, ओला बर्फ, नुकतेच लागलेले दिवे यांमुळे कथेला उदास वातावरण लाभले आहे.' बरोबर आहे. पण हे वाक्य आणखी पन्नास कथांना चिकटवता येईल. असं वाक्य हातून उतरलं की तिथेच थांबायचं आणि स्वतःला विचारायचं: हे शहर काढून त्या जागी गाव ठेवलं, तर कथेचं काय होईल?

करून बघ. इओना पोतापोवचा तरुण मुलगा याच आठवड्यात वारला आहे. तापाने असेल, तीन दिवस दवाखान्यात होता. गाव असतं तर काय झालं असतं? माझा थोरला भाऊ गेला तेव्हा मी तुझ्याएवढी होते. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आई शेवटच्या दोन दिवसांची हकिकत पहिल्यापासून सांगायची. किती वाजता ताप चढला, कुणाला बोलवायला पाठवलं, त्याने पाणी कसं मागितलं. शब्दही तेच. तेरा दिवसांत शंभर वेळा तरी सांगितली असेल. त्या वयात मला वाटायचं, ही पुन्हा पुन्हा जखम का उघडते आहे? पुढे ही कथा वाचताना उमगलं की त्या सांगण्यावरच ती तगली होती. आलेल्या बाया पदर डोळ्याला लावून ऐकायच्या, मध्येच 'अगं बाई' म्हणायच्या, आणि आई पुढचं सांगायची.

इओनाला नेमकं हेच हवं आहे, आणि चेखवने ते स्पष्ट लिहिलं आहे. मुलगा कसा आजारी पडला, मरताना काय बोलला, अंत्यविधी कसा झाला, त्याचे कपडे आणायला दवाखान्यात जावं लागलं ते, गावी राहिलेली मुलगी अनिस्या, हे सगळं त्याला नीट, सावकाश सांगायचं आहे. ऐकणाऱ्याने उसासे टाकावेत, हळहळावं. बायांना सांगितलेलं तर आणखी बरं, असंही त्याच्या मनात येतं, कारण त्या दोन शब्दांत रडायला लागतात. आता सांग, इथे शहर म्हणजे नुसती पार्श्वभूमी आहे का? हजारो माणसं दोन्ही बाजूंनी धावताहेत आणि समाचाराला एकही येत नाही. वातावरणानेच इथे संघर्ष उभा केला आहे. तुझ्या टिपणात हे दोन मथळे शेजारी-शेजारी आहेत आणि एकमेकांकडे बघतही नाहीत.

आता कथानकाकडे ये. 'इओना चार वेळा आपलं दुःख सांगायचा प्रयत्न करतो, पण कोणी ऐकत नाही' असं तू लिहिलंस. हा सारांश झाला. पेन्सिल घे आणि प्रत्येक वेळी काय घडतं ते समासात मांड. पहिला उतारू लष्करी अधिकारी. तो विचारतो तरी, मुलगा कशाने गेला? दुसऱ्या खेपेला तिघं तरुण, त्यांतला एक कुबडा. तो म्हणतो, सगळेच मरणार आहोत. वर मानेवर रट्टे. तिसरा रस्त्यावरचा दरवान. त्याच्याशी बोलायचं इओना ठरवतो, पण मुलाचा विषय काढण्याआधीच 'इथे का थांबलास, पुढे चल' असं ऐकून घेतो. चौथा त्याच्याच धंद्यातला तरुण गाडीवान, रात्री पाणी प्यायला उठलेला. त्याच्याजवळ मुलगा गेल्याचं बोलून होतं, तोवर तो तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेलाही असतो. बघ, प्रश्न, मग शेरा, मग हाकलणं, मग झोप. एकेक पायरी उतरत गेली आहे. शिवाय दरवानानंतर निवेदक सांगतो की माणसांकडे वळण्यात अर्थ नाही असं इओनाला आता वाटतं, आणि तरीही त्या झोपाळू पोराशी तो बोलायला जातोच. पात्रचित्रण इथे आहे, कथानकाच्या पोटात. 'इओना हा साधाभोळा, सोशिक म्हातारा आहे' या तुझ्या वाक्यात ते सापडायचं नाही.

पहिल्या प्रसंगात मी तुला आणखी थोडं थांबवणार आहे. अधिकारी प्रश्न विचारतो तेव्हा इओना काय करतो? अख्खं शरीर वळवून त्याच्याकडे तोंड करतो आणि बोलू लागतो. लगेच अंधारातून कोणीतरी खेकसतं, बाजूला घे! मग उतारूही म्हणतो, चल, चल, अशाने उद्याही पोचणार नाही. जरा डोळ्यांसमोर आण. गाडीवानाची बैठक पुढे, उतारू मागे. ज्याला सांगायचं त्याच्याकडे पाठ करून बसणं हाच या माणसाचा धंदा. वळून बोलावं तर गाडी भरकटते. कुबडा तर मागे उभा राहून त्याच्या मानेवर श्वास सोडत असतो. आणि घोडी? दिवसभर तिचीही पाठच त्याला दिसते. शेवटी तबेल्यात जातो तेव्हा पहिल्यांदा तिचे चमकणारे डोळे त्याला दिसतात, आणि तिथे त्याला तोंड फुटतं. कोण कुठे बसलं आहे, कुणाचं तोंड कुठे आहे, एवढं नीट बघितलंस तरी अर्धी कथा उलगडते. हे मला कुठल्या समीक्षाग्रंथात मिळालेलं नाही. वर्गात दोन खुर्च्या एकामागे एक मांडून मुलांकडून प्रसंग करून घेतला, तेव्हा दिसलं.

त्याच वर्गात एक मुलगा होता, ज्याचे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे. शेवटी इओना घोडीला म्हणतो, ओटचे पैसे सुटले नाहीत, तर वाळलं गवत खाऊ. मुलं पुढे निघाली होती, पण हा हात वर करून म्हणाला, 'बाई, म्हणजे आज चंदी नाही.' चंदी म्हणजे घोड्याचं धान्य, आणि घोडं कामाला उभं राहतं ते चंदीवर. त्याच्या एका शब्दाने त्या ओळीतला सगळा पैशाचा हिशोब उघडा झाला. मग मागे जाऊन बघितलं, तर सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे की दोघं जेवणाच्या वेळेआधीपासून बाहेर आहेत आणि अजून भवानीसुद्धा झालेली नाही. तिघं तरुण वीस कोपेक देऊ करतात, ते भाडं परवडत नाही, पण त्याला आता पैशाचं भान नाही, माणसं गाडीत बसली म्हणजे झालं. ऐकणारं कोणी मिळावं म्हणून तो कमी भाड्यात गाडी हाकतो, आणि रात्री घोडीची चंदी जाते. शिवाय 'गवत खाऊ' हे मूळ रशियनमध्येही बहुवचनातच आहे. आपण दोघं खाऊ. तू भाषाशैलीच्या मथळ्याखाली उपमा मोजल्यास, त्याच पानावरचं हे क्रियापद मात्र निसटलं.

शेवटाबद्दल तू लिहिलंस की तो 'धक्कादायक' आहे. इथे मी असहमत आहे. पहिला परिच्छेद पुन्हा काढ. इओना बर्फाने पांढरा, आणि त्याच वेळी घोडीही पांढरी, निश्चल, जत्रेतल्या पैशाच्या खाऊच्या घोड्यासारखी. आणि निवेदक म्हणतो, ती बहुधा विचारात बुडालेली असावी. नांगरावरून ओढून या दिव्यांच्या, गोंगाटाच्या भोवऱ्यात जिला टाकलं, ती विचार केल्याशिवाय कशी राहील? घोडीला मन आहे, तीही गावाहून इथे येऊन पडली आहे, हे चेखवने पहिल्याच पानावर सांगून टाकलं. ती चार वाक्यं झाकून कथा वाच आणि मग शेवट बघ. तो रडका वाटेल, ओढूनताणून आणलेला वाटेल. ती वाक्यं आहेत म्हणून तो पेलतो. घटक 'आहे का' हे तपासण्यापेक्षा तो काढून बघण्याने जास्त कळतं.

तुझी एक अडचण मला समजते. तू उत्कर्षबिंदू शोधत होतीस आणि तो सापडेना, म्हणून कुबड्याच्या मारापाशी नेऊन ठेवलास. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी कथेच्या तंत्राचा, रचनेच्या बांधेसूदपणाचा आग्रह धरला. त्या शिस्तीतून आपल्याला पुष्कळ मिळालं, उत्कर्षबिंदूची ही सवयही त्यातलीच. पण गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकरांच्या नवकथेनंतर तरी घटनेच्या टोकापेक्षा मनातली हालचाल कुठे होते ते बघायला आपण शिकलो आहोत. रट्टे बसतात तेव्हा इओनाला ते जाणवण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात, असं निवेदक म्हणतो. म्हणजे तिथे त्याच्या आत काही हललेलंच नाही. ज्या क्षणी कमी पीळ आहे, तिथे तू कळस चढवलास.

आणखी एक. तू मराठीतून, तेही बहुधा इंग्रजीवरून आलेल्या मराठीतून वाचते आहेस. तेव्हा वाक्यांच्या नादावर, शब्दकळेवर निकाल देऊ नकोस. शीर्षकाचंच बघ. मूळ शब्द 'तोस्का'. त्यात दुःख आहे, हुरहूर आहे, काळजात पोकळी पडणं आहे. इंग्रजीत कोणी 'मिझरी' केलं, कोणी 'हार्टएक', कोणी 'लॅमेंट'. प्रत्येक शीर्षक कथा थोडी वेगळीकडे झुकवतं. यावर लिहिण्यासारखं आहे. 'शीर्षक समर्पक आहे' यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लेखकाचा परिचय कमी कर. ही कथा 1886 च्या जानेवारीत पीटर्सबर्गच्या एका दैनिकात आली, तेव्हा चेखव सव्वीस वर्षांचा होता, डॉक्टर होऊन दोन वर्षं झाली होती आणि तो अजून अंतोशा चेखोंते या टोपणनावाने लिहीत होता. एवढं पुरे. वर्तमानपत्रातली मर्यादित जागा आणि कथेची ही काटकसर यांचा काही संबंध वाटला तर जोड, नाहीतर सोड.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. शेवटचं वाक्य असं आहे की इओना भारावून जातो आणि घोडीला सगळं सांगतो. सगळं. पण आपल्याला काय सांगतो? काहीच नाही. मुलगा मरताना काय बोलला, हे या कथेत कुठेही नाही. अख्खी कथा त्या हकिकतीसाठी धडपडते, आणि ती सुरू होताक्षणी निवेदक थांबतो. आपणही त्या उतारूंसारखे अर्ध्यावरच उतरतो का? की बाप आणि घोडी यांच्यामधून निवेदक सभ्यपणे बाजूला होतो? मी अनेक वर्षं पहिलं मानत होते, अलीकडे दुसऱ्याकडे झुकले आहे. कारण बघ, मुलाचं नाव कुझमा, हे आपल्याला तबेल्यातच पहिल्यांदा कळतं. माणसांसमोर तो फक्त 'मुलगा' म्हणतो. घोडीपुढे तो 'कुझमा इओनिच' म्हणतो, बापाच्या नावासकट, मान देऊन. तिला नाव सांगायला हरकत नाही, ती त्याला ओळखत होती. तुझ्या टिपणात हे नाव पहिल्याच ओळीत येऊन गेलं आहे, 'कुझमा या मुलाच्या मृत्यूने दुःखी झालेला इओना…' असं. चेखवने जे शेवटपर्यंत राखून ठेवलं, ते तू दारातच देऊन टाकलंस. ती ओळ आधी खोड.

पुन्हा सगळं लिहू नकोस. दरवानाशी झालेल्या त्या दोन-तीन ओळींच्या बोलण्यावर फक्त एक पान लिहून आण. तिथे इओना मुलाबद्दल न बोलता किती वाजले एवढंच का विचारतो, ते बघ. रविवारी सकाळी मी घरीच आहे. येताना कथेची प्रत आण, माझी मी कोणाला तरी दिली ती परत आलेली नाही.

तुझ्या बाई