पुन्हा त्याच दारात

मिरज

प्रिय बाळ, जय ख्रिस्त.

चर्चला यायचं सोडलेल्यांची दोन महिन्यांत चौतीस घरं झाली, चर्चला परतली फक्त दोघं, मीच कमी पडतेय का, असं तू इंग्लंडातून लिहिलंस. तू कमी पडत नाहीस, पद्धत चुकते आहे. चौतीस घरं एकेकदा करण्यापेक्षा आठ घरं चार-चारदा कर.

आपल्याकडे बेडग-म्हैसाळसारख्या गावात घरभेटीला गेलं की दार उघडंच असतं, हाक मारायची आणि आत शिरायचं. इंग्लंडात तसं नाही. सोबत कुणीतरी घे, प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनाच पाठवलं. बेल एकदाच वाजव, दोन पावलं मागे सर, ओळखपत्र दिसू दे. नाव, कुठल्या चर्चची आणि किती वेळ बसणार, एवढंच एका दमात सांग. वेळ सकाळी अकराची नाहीतर दुपारी दोनची. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, मग एकटी म्हातारी माणसं दार उघडत नाहीत. ते भितात गं, तुझ्यावर रागावलेले नसतात. घरी कुणी नसेल तर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून टाक. छापील पत्रक नको.

घरं निवडताना रोल, म्हणजे चर्चच्या सभासदांची यादी, बघ. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये इलेक्टोरल रोल दर सहा वर्षांनी नव्याने करतात, 2019 ला झाला, मग 2025 ला. जुन्यावर आहेत आणि नव्यावर नाहीत, त्या नावांपासून सुरुवात कर. पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या मंडळीच्या, ऑफिसला विचारूनच यादी घे. मोबाईलवर फोटो काढून ठेवू नकोस, डेटा प्रोटेक्शनचा कायदा तिथं कडक आहे.

"चर्चला का येत नाही" हे पहिल्या भेटीत विचारायचंच नाही. विचारलंस की "जमत नाही" ऐकून परत येशील. खरं कारण तिसऱ्या-चौथ्या खेपेला, चहा निवल्यावर, निघता निघता बाहेर पडतं. आणि कितीदा तरी त्याचा विश्वासाशी संबंधही नसतो. रविवारी बस नसते. नवरा गेल्यावर त्या बाकावर एकटीने बसवत नाही. मयतीला मंडळीतलं कुणी आलं नाही, तो सल असतो. कुणाला उपदेश ऐकूच येत नाही. चर्चमध्ये लूप, म्हणजे माईकचा आवाज हिअरिंग एडपर्यंत पोचवणारी तार, बसवलेला असतो, हिअरिंग एडला टी सेटिंग असेल तर माईकचा आवाज थेट कानात येतो. पण अँप्लिफायर चालूच केलेला नसतो, नाहीतर त्या बाईला टी सेटिंग कुणी दाखवलेलंच नसतं. तास-दीड तास नुसते ओठ हलताना कोण बघत बसेल? अशा माणसाला "विश्वासात थंड पडली" म्हणणं हे पाप आहे. यादीवर अशी खूण करू नकोस.

निघताना "परत येईन" म्हणू नकोस. "पुढच्या गुरुवारी अडीच वाजता" असं म्हण, आणि जा. पाऊस असला तरी जा. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी फोन कर. त्या लोकांना एकदा येणारे खूप भेटलेत. प्रार्थना विचारून कर, दोन वाक्यांची. घरात ऐकलेलं बुधवारच्या प्रार्थनासभेत "प्रार्थनेची विनंती" म्हणून सांगितलंस, तर त्या दारात पुन्हा उभीच राहू नकोस.

मिशनरी वानलेस डॉक्टर 1889 ला इकडे भारतात आले आणि मिरजेचा दवाखाना 1894 ला झाला. मधली पाच वर्षं कुणी वाया गेली म्हणतं का? आणि तुला दोन महिन्यांत आकडा हवा.

मी अहवालात आकडे भरत नाही म्हणून इथल्या कमिटीत कुरकुर असते. असू दे. एकदाच जाऊन सोडून दिलेली घरं माझ्याही नावावर आहेत, ती मला छळतात. म्हणून एवढं तावातावाने लिहितोय. वाईट वाटून घेऊ नकोस, पण ऐक.

ज्या आजींनी "मला काही कळत नाही तिथलं" म्हणून दार लावलं, त्यांच्या कानात यंत्र होतं का? गुरुवारी जा, बघ. आधी चर्चमधला लूप चालू आहे का ते तपास, आणि मला कळव.

तुझा,
काका