हसू ओसरायच्या आत

राजकीय विनोदाचे कार्यक्रम बघणं सोडू नकोस. मीही त्यातूनच वाचनाकडे वळलो. पण हे आपोआप होत नाही. जून २०१४ मध्ये अमेरिकी टीव्हीवर राजकीय विनोद करणाऱ्या जॉन ऑलिव्हरने नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं या तत्त्वावर, १३ मिनिटं धमाल केली आणि अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे लोकांच्या प्रतिक्रियांचा पूर आला. पुढच्या वर्षी त्यावर आयोगाचा आदेश निघाला, तब्बल ४०० पानांचा! असं काही समोर आलं की उघडून बघ. सगळं वाचायची सक्ती नाही. आधी विरोधात मत देणाऱ्या सदस्यांची निवेदनं वाच, ती शेवटी जोडलेली आहेत. विनोदात सुटलेली बाजू तिथे सापडते. आणि त्याच रात्री वाच, उद्यावर ढकललंस की उत्सुकता विरते. मी तर समासात पेन्सिलने फक्त प्रश्न लिहितो, उत्तरं नंतर शोधतो.