‘ही मे अँग्री’ का चालत नाही?

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. ‘कदाचित तो रागावेल’ या वाक्याचे भाषांतर एका विद्यार्थ्याने ‘ही मे अँग्री’ असे केले. मी मध्ये ‘बी’ घालून ते दुरुस्त केले, तेव्हा त्याने विचारले, ‘बाई, मे हे क्रियापदच आहे ना? मग आणखी एक क्रियापद कशाला?’ नियम मला ठाऊक आहे, पण कारण सांगता आले नाही. ते आपण सांगावे.

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याची चूक कोठून आली हे पाहिले तर उत्तरही सापडते. ‘मे’, ‘मस्ट’, ‘कॅन’, ‘शुड’, ‘विल’ ही साहाय्यक क्रियापदे आहेत. बोलणाऱ्याचा अंदाज, सक्ती, शक्यता किंवा अपेक्षा ती सांगतात, पण कर्त्याविषयी काही विधान करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नसते, म्हणून त्यांच्या मागोमाग मूळ रूपातले एक क्रियापद यावेच लागते. ‘अँग्री’ हे विशेषण आहे आणि इंग्रजीत विशेषण कर्त्याला आपले आपण चिकटत नाही. ‘ही इज अँग्री’ या साध्या वाक्यात ते चिकटवण्याचे काम ‘इज’ करते. ‘मे’ आले म्हणून ते काम संपत नाही, फक्त ‘इज’चे मूळ रूप ‘बी’ होते. ‘अ‍ॅम’ आणि ‘आर’ यांचेही तेच होते, म्हणून कर्ता कोणताही असला तरी ‘मे’नंतर ‘बी’च दिसते.

पण मग मुलांना हे ‘बी’ आठवत का नाही? माझ्या पाहण्यात असे आले आहे की ‘शी मे टॉल’ असे मुले क्वचितच लिहितात, मात्र ‘अँग्री’, ‘हंग्री’, ‘लेट’, ‘अफ्रेड’, ‘टायर्ड’ या शब्दांपाशी हटकून अडखळतात. याचे कारण मराठीत आहे. ‘उंच’ हे आपल्याकडेही विशेषणच आहे, त्यामुळे ‘उंच असेल’ म्हणताना ‘असणे’ तोंडात येतेच आणि त्याच्या जागी ‘बी’ सहज बसते. याउलट रागावणे, घाबरणे, दमणे ही आपली सरळ क्रियापदे आहेत, भूक आपल्याला ‘लागते’ आणि उशीर ‘होतो’. ‘रागावेल’ या एका शब्दात राग, क्रियापद आणि शक्यता हे तिन्ही आहे. मुलाने त्यातली शक्यता ‘मे’ला दिली, उरलेले सगळे ‘अँग्री’ला दिले आणि ‘अँग्री’ हे ‘रागावणे’सारखेच क्रियापद आहे असे धरून चालला. तेव्हा नियम पाठ करून घेण्यापेक्षा, मराठीतली कोणती क्रियापदे इंग्रजीत विशेषणे होतात याची यादी वर्गाकडूनच करून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आता एक गोष्ट तुमच्याविषयी, राग मानू नये. तुम्ही घातलेले ‘बी’ व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण ‘ही मे बी अँग्री’ याचा पहिला अर्थ ‘तो रागावलेला असेल’ असा होतो. संदर्भ पुढच्या काळाचा असेल तर ते ‘रागावेल’ या अर्थानेही चालून जाते, तरीही शांत असलेला माणूस आता रागावेल हा बदल स्पष्ट दाखवायचा असेल तर ‘ही मे गेट अँग्री’ हे अधिक नेमके आहे. मध्ये ‘बी’च हवे असे नाही, विशेषण जोडू शकणारे क्रियापद हवे. ‘यू मे फील डिझी’, ‘शी मस्ट स्टे काम’, ‘द मिल्क विल टर्न सावर’ ही वाक्ये त्याच साच्यातली आहेत.

प्रश्न : ‘यू मस्ट बी केअरफुल’ आणि ‘यू मस्ट बी टायर्ड’ या दोन वाक्यांची रचना सारखीच आहे. मग पहिल्यात सक्ती आणि दुसऱ्यात अंदाज कसा येतो?

उत्तर : हे कोडे आपल्याला परके वाटू नये, कारण मराठीचा विध्यर्थ नेमके हेच करतो. ‘विद्यार्थ्याने नम्र असावे’ यात कर्तव्य आहे आणि ‘तो दमलेला असावा’ यात तर्क आहे. ‘असणे’च्या त्याच रूपाने दोन्ही अर्थ निभावले जातात आणि तरी आपला घोटाळा होत नाही, कारण सावध किंवा नम्र राहणे माणसाच्या हाती असते, दमणे हाती नसते. जे हाती आहे त्याचीच आज्ञा करता येते, जे हाती नाही त्याचा अंदाजच बांधावा लागतो. इंग्रजीतही निवाडा बहुतेक वेळा विशेषणच करते. ‘क्वायट’सारखे विशेषण मात्र दोन्हीकडे जाते. ‘द चिल्ड्रन मस्ट बी क्वायट’ हे वाक्य वर्गात उभे राहून म्हटले तर तंबी आहे आणि घराबाहेर उभे राहून, आतून आवाज येत नाही म्हणून म्हटले तर तर्क आहे.

भूतकाळात गेले की ही संदिग्धता सहसा संपते. ‘शी मस्ट हॅव बीन टायर्ड’ म्हणजे तर्कच, ‘ती दमलेली असावी’. काल सावध राहणे भाग पडले असे सांगायचे असेल तर ‘मस्ट’ सोडून ‘आय हॅड टू बी केअरफुल’ म्हणावे लागते. मराठी येथे सैल आहे. ‘ती आज दमलेली असावी’ आणि ‘ती काल दमलेली असावी’ यांत क्रियापद तेच राहते व काळ एकट्या ‘काल’ने कळतो, त्यामुळे ‘शी मस्ट बी टायर्ड यस्टर्डे’ अशी वाक्ये आपल्याकडून लिहिली जातात. ती चूक आहे.

नकारातही सावध राहावे. ‘ही मस्ट बी हंग्री’ या तर्काचा उलट तर्क ‘ही कान्ट बी हंग्री’ असा करतात, म्हणजे त्याला भूक लागलेली असणे शक्यच नाही. ‘यू मस्ट नॉट बी लेट’ ही मात्र ताकीद आहे. अमेरिकी बोलण्यात ‘मस्ट नॉट बी’ तर्कासाठीही ऐकू येते, पण शिकणाऱ्याने आधी ‘कान्ट’ पक्के करावे.

प्रश्न : माझ्या अहवालावर वरिष्ठांनी ‘आय कुडन्ट बी हॅपिअर’ एवढेच लिहून पाठवले. मी दिवसभर अहवालात चुका शोधत बसलो. ते नाराज आहेत का?

उत्तर : अहवाल मिटून ठेवावा, ते अत्यंत खूश आहेत. तुमची नजर ‘कुडन्ट’वर खिळली आणि ‘हॅपिअर’ या शब्दाच्या शेवटाकडे दुर्लक्ष झाले. तो शेवट तुलनेचा आहे आणि त्यात ‘याहून’ दडलेले आहे. आत्ता जेवढा आनंद झाला आहे त्याहून अधिक आनंद होणे शक्य नव्हते, असे ते म्हणत आहेत. ‘याहून आनंदाची गोष्ट ती कोणती?’ असे आपण म्हणतो तेव्हा आपणही नकाराच्या वाटेनेच स्तुतीला पोहोचतो. तुम्हाला जी भीती वाटली ती ‘आय कान्ट बी हॅपी’ या वाक्याने खरी ठरली असती. याच जातीचे ‘इट कुड बी वर्स’ म्हणजे याहून वाईट असू शकले असते, तेव्हा ठीकच चालले आहे म्हणायचे. आणि ‘इट कुड बी बेटर’ हे वरवर आशादायक दिसले तरी बहुधा सभ्य शब्दांतली नापसंती असते. ते लिहून आले असते तर दिवसभर चुका शोधणे योग्य होते.

प्रश्न : ‘ही कॅन बी रूड’ आणि ‘ही मे बी रूड’ या दोन्हींचे भाषांतर मी ‘तो उद्धट असू शकतो’ असे करतो. ते बरोबर आहे का? आणि ‘मे बी’ जोडून लिहावे की तोडून?

उत्तर : ‘असू शकतो’ दोन्हीकडे बसते, म्हणूनच फसवते. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्याला त्या माणसाचा अनुभव आहे आणि तो कधी कधी उद्धटपणे वागतो असे तो सांगतो आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याला खात्री नाही, म्हणून तेथे ‘तो उद्धट असेलही’ असे भाषांतर करावे.

जोडून लिहिलेले ‘मेबी’ हे ‘कदाचित’ या अर्थाचे क्रियाविशेषण आहे आणि ते बहुधा वाक्याच्या आरंभी येते. त्याच्याबरोबर क्रियापद वेगळे लागते, जसे ‘मेबी शी इज इल’. तोडून लिहिलेल्या ‘मे बी’मध्ये क्रियापद आतच आहे, ‘शी मे बी इल’. म्हणूनच ‘इज शी इल?’ या प्रश्नाला त्रोटक उत्तर देताना विशेषण गाळले तरी ‘बी’ गाळू नये आणि ‘शी मे’ एवढ्यावर न थांबता ‘शी मे बी’ असे म्हणावे.